सडवा, किण्व आणि कायदा

सूक्ष्मजीवांचा पाठ शिकवताना 'किण्वन' हा शब्द आपण फळ्यावर लिहितो. त्याखाली यीस्ट, साखर, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड अशी मांडणी करतो. उदाहरणे देतो ती पाव, इडली आणि बिअरची. पाश्चरचे नाव सांगतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. नागपूरच्या पूर्वेला, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत हा पाठ चालू असताना वर्गातल्या काही मुलांच्या मनात एक वेगळेच उदाहरण तयार असते. ते म्हणजे मोहफुलांचा सडवा. पण ते उदाहरण कोणी बोलून दाखवत नाही. शिक्षक विचारत नाहीत आणि मुले सांगत नाहीत, कारण ती 'पोलिसांची गोष्ट' असते.

एकच रासायनिक क्रिया एका ठिकाणी पाठ्यपुस्तकात जाते आणि दुसऱ्या ठिकाणी पंचनाम्यात, असे का झाले? या लेखात आम्ही याच प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत.

शब्दाचा उगम

सुरुवात शब्दापासूनच करू. 'किण्वन' हा शब्द परिभाषा तयार करताना घडवला गेला असला, तरी त्याचे मूळ फार जुने आहे. संस्कृतात 'किण्व' म्हणजे दारू आंबवण्यासाठी घालायचे विरजण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. (या ग्रंथाचे हस्तलिखित १९०५ साली मैसूर येथे शामशास्त्रींच्या हाती आले आणि १९०९ साली ते छापले गेले.) त्या प्रकरणात किण्व कसे तयार करायचे याची कृतीच दिली आहे. वाटलेले उडीद, त्यापेक्षा थोडे अधिक तांदूळ आणि काही वनस्पतींची पूड असे ते मिश्रण आहे. उडीद आणि तांदूळ म्हटल्यावर आपल्याला इडलीच्या पिठाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

त्याच प्रकरणात दुसरी एक महत्त्वाची गोष्ट आहे. दारू बनवणे आणि विकणे यांवर राज्याचा ताबा असावा, नियम मोडणाऱ्याला दंड व्हावा, असे कौटिल्य सांगतो. पण त्याचबरोबर गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट बनवण्याची मोकळीक तो देतो. उत्सव आणि जत्रांच्या वेळी चार दिवसांची सवलतही देतो. म्हणजे राज्याचा महसूल आणि घरातले मडके यांच्यातील ओढाताण निदान दोन हजार वर्षे जुनी आहे. कौटिल्याने तिच्यात एक तडजोड काढली होती. पुढच्या काळात ती तडजोड कशी मोडली, ते आपण पाहणारच आहोत. त्याआधी सडव्याकडे वळू.

मोहाला माल्ट का लागत नाही

मोहाचे झाड मार्च-एप्रिलमध्ये फुलते. त्याची पाकळ्यांची मांसल, रसाळ टोपी रात्री सुटू लागते आणि पहाटेपर्यंत झाडाखाली पिवळसर सडा पडतो. बायका-मुले पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. फुले अंगणात वाळवून वर्षभर ठेवली जातात. ती भाजून, शिजवून खाल्ली जातात, गुरांना चारली जातात आणि दुष्काळात पोटाला त्यांचाच आधार असतो. त्यांतली काही फुले सडव्यासाठी जातात.

वाळलेल्या मोहफुलाच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. त्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, असते. या एका गोष्टीमुळे मोहाची सारी प्रक्रिया सोपी होते. यीस्टला साखर पचते, पण धान्यातला स्टार्च सरळ पचत नाही. म्हणून युरोपात बिअर करताना आधी जव भिजवून मोड आणतात. मोडातली विकरे स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. असे मोड आणून वाळवलेले धान्य म्हणजेच माल्ट. चीन-जपानकडे हेच काम तांदळावर वाढवलेल्या बुरशीकडून करून घेतात. मोहफुलाला यातले काहीच लागत नाही, कारण साखर आयतीच असते. फुले पाण्यात भिजवून मडके झाकून ठेवले की झाले.

आणि यीस्ट? ते फुलांवर असते, हवेत असते, पण मुख्यतः असते ते मडक्यात. सडव्याचे मडके अनुभवी माणूस खरवडून लख्ख करत नाही आणि आधीच्या सडव्यातला थोडा भाग नव्यात मिसळतो. दह्याला विरजण लावण्याचीच ही रीत. काही दिवसांत मडक्यात फेस येतो, बुडबुडे फुटतात, वास बदलतो. बुडबुडे थांबले की सडवा 'झाला'. कान लावून आवाज ऐकणे ही इथली प्रयोगशाळा.

रसायनशास्त्राच्या हिशेबाने १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबले, तर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. अल्कोहोलचे प्रमाण वाढत गेले की ते यीस्टलाच मारक ठरते. म्हणून नुसत्या आंबवण्याने बिअर किंवा वाइनच्या तीव्रतेपलीकडे फारसे जाता येत नाही. त्यापुढे जायचे तर ऊर्ध्वपातन हवे, म्हणजेच भट्टी. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशांना. त्यामुळे भट्टीतून सुरुवातीला थेंबथेंब येणाऱ्या द्रवात अल्कोहोल जास्त आणि नंतरच्यात कमी असते. 'पहिल्या धारेची' हा मराठीतला शब्दप्रयोग म्हणजे आंशिक ऊर्ध्वपातनाचा धडाच आहे.

चिमूटभर नवसागर

हातभट्टीवर धाड पडल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, तेव्हा जप्त मालाच्या यादीत गूळ आणि नवसागर ही नावे हमखास असतात. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो तेच. दारू 'कडक' व्हावी म्हणून ते घालतात, असा सर्वसाधारण समज आहे. नवसागराने स्वतः नशा येत नाही. मग ते सडव्यात कशासाठी?

याचे उत्तर मिळते पॅरिसमध्ये, १८६० साली. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८३७ च्या सुमारास कान्यार द ला तूर, श्वान आणि क्युत्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे असे मांडले की, यीस्ट ही सजीव वस्तू आहे आणि तिच्या जगण्यातूनच किण्वन घडते. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना हे मुळीच पटले नाही. लीबिग आणि व्होलर यांच्या नियतकालिकात १८३९ साली एक निनावी विनोदी लेख छापून आला. त्यात यीस्टचे सूक्ष्म प्राणी साखर खातात आणि एका अवयवातून अल्कोहोल, तर दुसऱ्यातून वायू बाहेर टाकतात, असे थट्टेने लिहिले होते. लीबिगच्या मते यीस्ट कुजत असते आणि त्या कुजण्याच्या हालचालीने साखरेचे रेणू फुटतात. जिवंतपणाचा तिथे काही संबंध नाही.

लुई पाश्चरने या वादाचा निकाल लावण्यासाठी एक साधा पण अचूक प्रयोग केला. त्याने शुद्ध साखरेचे पाणी घेतले. त्यात यीस्ट जाळून उरलेली राख घातली, म्हणजे क्षार आले. नायट्रोजनसाठी अमोनियमचा एक क्षार, अमोनियम टार्ट्रेट, घातला. आणि शेवटी अगदी कणभर जिवंत यीस्ट सोडले. या मिश्रणात कुजण्यासारखे दुसरे काही नव्हतेच. तरीही यीस्ट वाढले, साखर आंबली आणि अमोनिया कमी झाला. म्हणजे यीस्टने अमोनियातला नायट्रोजन घेऊन स्वतःची प्रथिने बनवली होती. कुजणारी वस्तू वाढत नाही, वाढतो तो जीव. हा निबंध १८६० साली प्रसिद्ध झाला.

आता सडव्याकडे पुन्हा पाहा. गूळ आणि मोहफूल यांत साखर भरपूर, पण नायट्रोजन त्या मानाने थोडा. अशा मिश्रणात यीस्ट मंद पडते. चिमूटभर नवसागर घातला की त्याला अमोनियाच्या रूपात नायट्रोजन मिळतो आणि ते जोमाने वाढते. पाश्चरने नायट्रोजनसाठी एक अमोनियम क्षार वापरला, हातभट्टीवाला दुसरा वापरतो. आजही घरी बिअर किंवा वाइन करणारे परदेशी हौशी लोक 'यीस्टचे खाद्य' म्हणून जी पूड विकत घेतात, तिच्यात बहुधा डायअमोनियम फॉस्फेट असते. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचे डीएपी!

असे असले तरी दोन्हींत फरक आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. नवसागर घातल्याने काम होते, हे भट्टीवाल्याला माहीत होते. पाश्चरने एकेक घटक वगळून आणि घालून, मोजून पाहिले आणि 'का' याचे उत्तर मिळवले. अनुभव आणि विज्ञान यांच्यात अंतर असते ते हुशारीचे नव्हे, तर मोजण्याचे, लिहून ठेवण्याचे आणि दुसऱ्याला तपासू देण्याचे.

ज्यांनी लिहून ठेवले

हे लिहून ठेवणे आणि तपासू देणे काय घडवू शकते, याचे उत्तम उदाहरण कोपनहेगनचे आहे. कार्ल्सबर्ग मद्यनिर्मितिगृहाचे मालक याकोबसेन यांनी १८७५ साली तेथे प्रयोगशाळा सुरू केली. १८८३ साली तेथील एमिल हान्सेन याने एकाच पेशीपासून यीस्ट वाढवण्यात यश मिळवले. बिअर बिघडते ती मिश्रणातल्या नको असलेल्या यीस्टमुळे, हे त्याने दाखवले. एक चांगली पेशी वेगळी काढायची, ती थोड्या रसात वाढवायची, तो रस अधिक मोठ्या भांड्यात ओतायचा आणि असे करत पुरेसे विरजण तयार करायचे. याकोबसेन यांनी हे शुद्ध यीस्ट स्वतःपुरते राखून ठेवले नाही, इतर उत्पादकांनाही दिले. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतील केल्डाल याने पदार्थातला नायट्रोजन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दूध आणि धान्य यांतील प्रथिने मोजण्यासाठी ती आजही वापरतात. पुढे १८९७ साली बुखनरने यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते, हे दाखवले. त्यातून विकरांचे शास्त्र पुढे आले आणि १९०७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आधुनिक जीवरसायनशास्त्राचा पाया असा आंबलेल्या पिंपात घातला गेला.

मोहफुलालाही अशी संधी एकदा थोडी मिळाली होती. सांडपाणी शुद्ध करण्याच्या सक्रिय गाळ पद्धतीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते गिल्बर्ट फाउलर पहिल्या महायुद्धाच्या काळात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. तेथे त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मोहफुलाच्या जीवरसायनाचा अभ्यास केला. तो १९२० साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पण ज्या गावांत सडवा पिढ्यान्‌पिढ्या लागत होता, तिथे मात्र वहीत नोंद करणे धोक्याचे झाले होते. त्याचे कारण विज्ञानात नाही, कायद्यात आहे.

मडक्यातून तिजोरीत

इंग्रज सरकारच्या दृष्टीने दारू हे महसुलाचे मोठे साधन होते. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. घरोघरच्या मडक्यांवर कर बसवणे अवघड, म्हणून उत्पादन थोड्या ठेकेदारांच्या हाती एकवटायचे आणि बाकीच्यांना मनाई करायची, हे धोरण होते. तरीही लोक मोहाची दारू गाळत राहिले. तेव्हा १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा करण्यात आला. दारूवर नव्हे, फुलांवर! जे फूल लोकांचे अन्न होते, ते बाळगण्यावरच निर्बंध आले.

नागपूर ही १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होती. या प्रांतात दोन पद्धती चालत. काही भागांत विशिष्ट क्षेत्रापुरता दारू गाळण्या-विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. इतरत्र सरकारी देखरेखीखाली मोठ्या केंद्रात दारू गाळून ती दुकानांना पुरवली जाई. १९०५-०६ च्या अबकारी समितीने साऱ्या देशासाठी ठेकेदारी पुरवठ्याच्या पद्धतीवर भर दिला. जंगलातल्या माणसाने फुले वेचायची, ती विकायची आणि त्याच फुलांची दारू दुकानातून विकत घ्यायची, असा हा उलटा व्यवहार होता. देशाच्या पूर्वेकडील काही भागांत आदिवासींना घरच्यापुरती तांदळाची 'पचवई' आंबवण्याची मुभा होती. पण ती आंबवण्याची, गाळण्याची नव्हे. मोहाची दारू गाळीव, म्हणून ती या सवलतीत बसत नव्हती.

स्वातंत्र्यचळवळीने दारूबंदीचा आग्रह धरला. तो महसुलासाठी नव्हता, गरिबांचे संसार वाचावेत यासाठी होता. मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ साली दारूबंदी कायदा झाला. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे तो कायदा इथेही लागू झाला. हेतू बदलला, पण मडक्याची जागा बदलली नाही. ते गुन्ह्यातच राहिले.

दरम्यान राज्यात साखर कारखाने वाढले होते आणि त्यांच्याकडे मळीचे डोंगर साचत होते. १९७३ साली महाराष्ट्रात देशी दारूचे नियम झाले आणि मळीच्या अल्कोहोलपासून बनवलेली, बाटलीबंद, शिक्क्याची दारू परवान्याने मिळू लागली. २००१ साली द्राक्षांच्या वाइनला उत्तेजन देणारे धोरण आले. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. ऊस, द्राक्ष आणि काजू यांना प्रतिष्ठा लाभली. मोहफुलावरचे गोळा करण्याचे, साठवण्याचे व वाहतुकीचे निर्बंध महाराष्ट्रात शिथिल व्हायला मात्र २०२१ साल उजाडले. एका गोष्टीची तुलना येथे उद्बोधक ठरेल. ब्रिटनमध्येही १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागत असे. १९६३ साली ती अट गेली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला वाट मोकळी झाली. त्यातून लाखो लोकांचा छंद उभा राहिला. तापमानाच्या नोंदी ठेवणारे, यीस्टचे विरजण जपणारे, बाटली भरताना नेमकी किती साखर घातली म्हणजे वायू पुरेसा होईल आणि बाटली फुटणार नाही, याचे गणित करणारे हौशी लोक तिथे तयार झाले. एकाचा छंद आणि दुसऱ्याचा गुन्हा यांत यीस्टला काही फरक कळत नाही.

दुसरी बाजू

पण एवढे सांगून थांबलो, तर तो अर्धाच इतिहास होईल. दारूने घरे मोडली आहेत आणि ते सर्वांत आधी सांगितले ते बायकांनी. गडचिरोलीत गावोगावच्या स्त्रियांनी आणि ग्रामसभांनी दारूमुक्तीची चळवळ उभारली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा तिच्यात मोठा वाटा होता. १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठवली गेली. या दोन्ही जिल्ह्यांत दारूचा प्रश्न हा रसायनशास्त्राचा नसून मारहाणीचा, कर्जाचा आणि अकाली मृत्यूचा आहे. गोंडांच्या पेनपूजेत, जन्म-लग्न-मरणाच्या विधींत मोहाची धार वाहिली जाते, हे खरे. आणि रोज संध्याकाळी पिऊन येणारा बाप वेगळा, हेही तितकेच खरे.

विषारी दारूविषयीही स्पष्ट समजून घेतले पाहिजे. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळे. किण्वनात मिथेनॉल अगदी अल्प प्रमाणात तयार होते. असे सामूहिक मृत्यू होतात ते कारखान्यात वापरायचे मिथेनॉल दारूत मिसळल्याने. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि दृष्टी जाते, प्राणही जातो. चोरून चालणाऱ्या धंद्यात कोणी मोजत नाही, तपासत नाही. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेच्या नेमके उलटे टोक ते हे.

वर्गात काय करावे

आमच्या मते शिक्षकाने तीन प्रश्न वेगळे ठेवावेत. सडव्यात काय घडते, हा विज्ञानाचा प्रश्न. तो कोणाला लावता येतो आणि कोणाला नाही, हा इतिहास व कायद्याचा. आणि पिण्याने माणसाचे काय होते, हा आरोग्याचा. या तिन्हींची सरमिसळ झाली की मुलाला वाटते, आपल्या घरात विज्ञान नाहीच, आहे ती फक्त लाज.

प्रयोगासाठी दारूची मुळीच गरज नाही. दोन सारख्या बाटल्यांत कोमट पाणी घ्या. एकीत साखर, दुसरीत तेवढ्याच वजनाचा गूळ विरघळवा. दोन्हींत सारखेच, अगदी थोडे कोरडे यीस्ट टाका आणि तोंडाला फुगे बांधा. (झाकण कधीही घट्ट लावू नका, वायूच्या दाबाने बाटली फुटते. प्रयोगानंतर द्रव ओतून टाका, चाखू नका.) कोणता फुगा केव्हा किती फुगतो, याची दर तासाला नोंद करू द्या. फरक दिसला तर का, आणि न दिसला तर का, यावर मुलांना बोलू द्या. मग पाश्चरच्या प्रयोगाची गोष्ट सांगा, आणि किण्व या शब्दाचीही.

१९९६ च्या 'पेसा' कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ साली झाले. आज वर्गात बसलेली मुले उद्या त्या ग्रामसभेत बसतील. मोहाच्या झाडांचे काय करायचे, फुलांपासून लाडू आणि सरबते करायची की भट्ट्या लावायच्या, देवाची धार कुठे संपते आणि गुत्ता कुठे सुरू होतो, हे त्यांना ठरवावे लागेल. तो निर्णय कोणताही असो, तो घेताना त्यांच्यापाशी आकडे असावेत, इतिहास असावा आणि आजीच्या मडक्यात नेमके काय घडत होते, याचे नीट ज्ञान असावे. ते देण्याची जागा आपला वर्ग आहे.